रझियाआपांची सायकलवाट

खुर्ची कितीही लख्ख पुसलेली असो, रझियाआपा बसण्याआधी तिच्यावरून बोट फिरवायच्या आणि बोटाकडे बघायच्या. माहेर परळीचं. थर्मल वीजकेंद्राची राख अंगणात, अंथरुणात, पोळ्यांच्या टोपलीत पडताना बघत वाढलेली बाई. लग्नघर असो की तहसील कचेरी, बोट फिरल्याशिवाय बसणं नाही. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर त्यांनी हेच केलं. साहेब जरा दुखावले. म्हणाले, "मॅडम, आत्ताच पुसलीय शिपायानं." आपा म्हणाल्या, "पुसली आसंल, साहेब. पन धूळ हाय का न्हाई ते बोट सांगतं, शिपाई न्हाई." आणि बसल्या.

केजपासून फार लांब नाही आमचं गाव. तिथल्या मुलींच्या शाळेत आपा विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं लागून होती. त्यांचा नवरा एसटीत कंडक्टर होता, तो ऐन चाळिशीत गेला. मूल नव्हतं. दीर सलीम, त्याची बायको आणि लेकरं पलीकडच्याच गल्लीत, त्यामुळे घर कधी ओकंबोकं वाटायचं नाही. अंगानं आपा बुटक्या, पण आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जाणारा. डोक्यावरची ओढणी सतत घसरायची आणि त्या ती सतत सारखी करायच्या, बोलणं न थांबवता. चिडल्या की बायामाणसांत कुणी वापरत नाही तो 'बे' त्यांच्या तोंडी यायचा. हेडमास्तरांनाही एकदा आला होता. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यांना एका शब्दाचा राग होता. 'बघू.' आपल्याकडे कुठल्याही कचेरीत गेलं की पहिला शब्द तोच. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही? बघू. मुलींच्या संडासाला कडी नाही? बघू. आपा समोरच्याच्या टेबलावर दोन्ही हात टेकायच्या. "बघू म्हंजे कवा? आत्ता उजेड हाय, तुमचे डोळे उघडे हायत. बघा की." लोक हसायचे, वैतागायचे, आणि पुष्कळदा काम करून टाकायचे.

शाळेत आठवीपुढच्या लांबच्या मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळू लागल्या, ते वर्ष मला चांगलं आठवतं. सायकली आल्या, व्हरांड्यात रांगेनं लागल्या, आणि तशाच राहिल्या. निम्म्याहून जास्त मुलींना चालवता येत नव्हती आणि पडायची भीती होती. पडलं की सगळी शाळा हसणार. आपांनाही येत नव्हती. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईनं सलवारीच्या टोकांना रबर लावले आणि सगळ्या वर्गांना मैदानावर गोळा केलं. म्हणाल्या, "आधी म्या पडते. मग तुमी पडा." आणि खरंच पडल्या, चांगल्या कोपर फुटेपर्यंत. मुली पोट धरून हसल्या. आपा धुळीत बसूनच म्हणाल्या, "झालं हसून? आता या एकेक." दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्या पोरी सायकलवर होत्या.

त्यांतलीच एक मुक्ता. लांबच्या एका वस्तीवरची. आईबाप दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याकडे जायचे, पोरी आजीजवळ राहायच्या. मुक्ता आठवीत गेली तेव्हा आजीला दिसेनासं झालं होतं. बाप सुदाम म्हणाला, यंदा हिलाही बरोबर नेतो, खोपीवर धाकटीला सांभाळील, भाकरी करील. आपांना कळलं. त्या मला घेऊन वस्तीवर गेल्या. सुदाम हातपाय धुऊन आला, आम्हाला बाजेवर बसवलं. आपांनी बाजेवरूनही बोट फिरवलं.

"बाई, तुमचं समदं खरं," तो म्हणाला. "पन येवढ्या लांबून पोरगी येकटी कशी यील?"

"सायकल हाय की."

"सायकल हाय. रस्ता लई वाईट हाय."

"रस्ता म्या बगते," आपा म्हणाल्या.

मुक्ता दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या वर्षी ती राहिली. आजीचं करून, धाकट्या कोमलला तिच्या प्राथमिक शाळेत सोडून ती वेळेवर वर्गात असायची. रस्त्यातल्या बोरी झोडून दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात बोरं आणायची आणि आपांच्या टेबलावर ठेवायची. आपा रागवायच्या आणि तासभरात सगळी संपवायच्या.

आमच्या गावाच्या पोटातून मोठा रस्ता जातो. दोन्ही बाजूंनी दुकानं, दुकानांपुढे पाट्या, पाट्यांपुढे गाडे, गाड्यांपुढे मोटरसायकली. स्टँडपासून फाट्यापर्यंत काळीपिवळी जीप एकीला एक लागून उभ्या. उरल्या जागेतून परळीकडून येणारे राखेचे टिप्पर जातात आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर. सायकल चालवायची तर या दोन्हींच्या मध्ये.

जानेवारीतली सकाळ होती. फाट्यावर उभ्या जीपचं दार एकदम उघडलं. मुक्तानं हँडल वळवलं आणि ती रस्त्याच्या मध्ये गेली. मागून टिप्पर होता. एवढंच झालं. सायकलीला फारसं काही झालं नव्हतं, पुढची टोपली तेवढी वाकली होती.

आपा पळत गेल्या. मी मागून पोचले तेव्हा त्यांची ओढणी मुक्ताच्या अंगावर होती आणि त्या उघड्या डोक्यानं, भर बाजारात, रस्त्यावर बसलेल्या होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. कुणी पाणी आणलं. त्यांनी ते हातात धरलं आणि तसंच धरून बसल्या.

सुदाम कारखान्यावरून दुसऱ्या दिवशी आला. वस्तीवर सगळं उरकल्यावर आपा त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंच हात जोडले. "तुमी काय करनार, बाई. तुमचा काय दोष न्हाई." आणि आत गेला.

आम्ही जीपनं परतलो. गाव आल्यावर उतरता उतरता म्हणाल्या, "सुनंदाबाई, त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर म्या घरी जाऊन जेवले असते."

मुलींच्या सायकली पुन्हा व्हरांड्यात लागल्या. आईबाप पाठवायला तयार नव्हते आणि त्यांना तरी काय म्हणणार? काहींची शाळा सुटली. एकीचं लग्नच ठरलं. आपा वर्गात शिकवायच्या, पण मधेच थांबून त्या रिकाम्या बाकांकडे बघायच्या. मग एक दिवस उठल्या आणि रस्त्याच्या कचेरीत गेल्या. मला बरोबर नेलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. फाट्यापासून शाळेपर्यंत रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी निराळी वाट पाहिजे. तिथं दुसरं काही थांबणार नाही, दुसरं काही शिरणार नाही.

कचेरीतला माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त हसू आलं. "मॅडम, हे काय पुणं हाय का?"

"पुन्यातली लेकरं निराळ्या मातीची असत्यात का?" आपांनी विचारलं.

कितीतरी खेपा झाल्या, त्यांत वर्षं गेली. 'बघू' कितीदा ऐकलं त्याला सुमार नाही. शेवटी कुणाच्या तरी दौऱ्यासाठी रस्ता रंगवायचा निघाला तेव्हा त्यातच एक पांढरा पट्टा मारून दिला आणि आत सायकलीचं चित्र काढलं. आपा त्या दिवशी खूश होत्या. आठवडाभरात पट्ट्याच्या आत जीप लागल्या. मोटरसायकली लागल्या. एका दुकानदारानं ज्वारी वाळत घातली. एका जीपवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, "पट्टा लई ब्येस झाला मॅडम. गाड्या कशा एका लाईनीत बसत्यात."

आपांनी चिडून काही बोलावं अशी माझी अपेक्षा होती. त्या नुसत्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. "चुकलंच आपलं," त्या मला म्हणाल्या. "रंगानं टिप्पर थांबत न्हाई. मधी कायतरी उभं पायजे. चाकाला लागलं पायजे, असं."

मग त्यांनी नव्यानं बदलून आलेल्या इंजिनिअरला गाठलं. तरुण, इस्त्रीच्या कपड्यातला, जालन्याकडचा माणूस. त्यानं कागद पुढे ओढला आणि म्हणाला, "काय अडचण आहे सांगा." आपा म्हणाल्या, "सांगून कळायची न्हाई. साहेब, सायकल येती का?"

"लहानपणी यायची."

"मग चला."

तो कसा उठला देव जाणे. आपांनी त्याला टोपलीची, मुलींची सायकल दिली आणि स्टँडपासून शाळेपर्यंत यायला सांगितलं. स्वतः मागून चालत निघाल्या. भर बाजाराची वेळ. मिठाईच्या दुकानापुढे एक मोटरसायकल न बघता मागे आली. जीपमधल्या बाईनं पिशवी खाली टाकली ती त्याच्या चाकापुढे. उसाची ट्रॉली इतक्या जवळून गेली की बाहेर आलेल्या वाढ्यांच्या पात्यांनी त्याचा हात ओरबाडला. शाळेत आला तेव्हा शर्ट घामानं चिकटलेला होता. व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "माझी मुलगी पाचवीत आहे."

"कशानं जाती शाळंत?"

"कार्यालयाच्या जीपनं सोडतो."

"बरं करता," आपा म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मला तरी जाणवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन रस्त्यावर होता. त्यानं सांगितलं, मधे काँक्रीटचा उंच कठडा घालता येईल, दुकानांपुढे जायला फटी ठेवू. पण आधी कडेची जागा मोकळी हवी. ती जबरदस्तीनं करायला गेलो तर महिनोन्‌महिने भांडणं चालतील. लोकांनी आपण होऊन उठावं, तेवढं तुम्ही बघा.

कापड दुकानाच्या ओट्यावर व्यापाऱ्यांची बैठक झाली. गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार, हाच प्रश्न फिरून फिरून. "पलीकडं लावंल आन चालत यील," आपा म्हणाल्या, "पाय हायत न्हवं त्याला?" लोक हसले, जरा सैलावले. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "मॅडम, आधी तुमच्या मानसांचे गाडे उचला. मग आमाला शिकवा."

हसणं थांबलं. 'तुमच्या माणसांचे' म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. रस्त्याकडेचे फळांचे गाडे बहुतेक मुसलमानांचे, आणि त्यातला पहिला, स्टँडच्या तोंडाशी, मोक्याच्या जागेवरचा गाडा सलीमचा. आपांच्या दिराचा.

आपा उठल्या. ओट्यावरून उतरून सरळ त्याच्या गाड्याशी गेल्या. बैठक त्यांच्या मागे गेली. सीताफळांचे दिवस होते, गाड्यावर रास लागलेली होती. घरात ते दोघं दखनीत बोलत. त्या दिवशी आपा मुद्दाम मराठीत बोलल्या, सगळ्यांना कळावं म्हणून.

"सलीम, गाडा उचल."

त्याला आधी गंमत वाटली. मग मागची माणसं दिसली. "कावून, भाभी? येवढे गाडे हायत. मीच पहिला कावून?"

"तू माजा हाईस म्हनून."

"इथं अब्बांपासनं गाडा हाय आपला."

"ठावं हाय."

"स्टँडच्या मागं कोन घेतंय फळं? त्या मेलेल्या पोरीपायी माझी लेकरं उपाशी मारता व्हय?"

आपा वाकल्या. गाड्याखालची पाटी ओढली आणि एकेक सीताफळ हळूच, दबणार नाही असं, पाटीत भरायला लागल्या. सलीम बघत राहिला. मग त्यानं गाड्याची दांडी धरली आणि सगळी ताकद लावून गाडा ढकलला. राशीतली कितीतरी फळं खाली पडली, फुटली. तो वळून न बघता गेला. आपा रस्त्यावर ओणव्या होऊन ती फुटकी फळं गोळा करत राहिल्या. मीही वाकले. मागे कापड दुकानदारानं आपल्या हातानं दुकानाच्या नावाची पाटी उचलून आत नेली. मग शेजारच्यानं. मग चपलांच्या दुकानवाल्यानं बाहेरची मांडणी आत घेतली.

पुढच्या ईदला त्यांनी नेहमीसारखा मोठ्या पातेल्यात शीरखुर्मा केला. दरवर्षी सलीमची लेकरं सकाळपासून त्यांच्याच घरात असायची. त्या वर्षी पलीकडच्या गल्लीतून कुणी आलं नाही. आम्ही दोघी-तिघी शिक्षिका गेलो. आपा नव्या कपड्यात, अत्तर लावून बसलेल्या. वाटी रिकामी होऊ देईनात. "घ्या की आजून," म्हणायच्या, "लई उरलंय." दारात चप्पल वाजली की बोलता बोलता थांबायच्या. दूधवाला आला, शेजारची म्हातारी आली. संध्याकाळी त्यांनी ते पातेलं उचललं आणि स्टँडवरच्या हमालांना वाटून टाकलं.

कठडा झाला. गुडघ्याच्या खाली येईल एवढा उंच, पिवळ्या-काळ्या रंगाचा, आत एका वेळी दोन सायकली जातील एवढी वाट. जीपवाल्यांनी पहिले काही दिवस चाकं घासून पाहिली आणि नाद सोडला. पोरी पुन्हा सायकलवर दिसू लागल्या. बाजारातून गाणी म्हणत जायच्या कधी कधी. म्हातारी माणसंही त्या वाटेनं चालायला लागली. इंजिनिअरनं एक दिवस आपांना सगळं दाखवायला नेलं, शाळेपासून सुरुवात करून. फाट्याच्या अलीकडे, मुक्ता गेली त्या जागेच्या जरा आधी, कठडा संपत होता.

"पुढं?" आपांनी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "इथं आमची हद्द संपते, मॅडम. फाटा दुसऱ्या खात्याकडे आहे. मी लिहिलंय त्यांना."

"काय म्हनले?"

तो वळून शाळेकडे चालू लागला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी सुदाम शाळेत आला. बरोबर कोमल होती, आता आठवीतली, उंच झालेली. तो स्टाफरूमच्या दारातच उभा राहिला. आपा उठून उभ्या राहिल्या. मुक्ता गेल्यापासून त्या त्याच्याकडे एकदाही गेल्या नव्हत्या, कोमलसाठीही नाही.

"हिला सायकल मिळंल का, बाई?" तो म्हणाला. "बगितला म्या रस्ता. ब्येस केलाव."

"पुरा झाला न्हाई," आपा म्हणाल्या. "फाटा राहिलाय."

"मंग?"

"सायकल देते. पन फाट्यावर ती चालवनार न्हाई. उतरंल. म्या उभी ऱ्हाते तिथं."

सुदामनं मान हलवली. कोमल आपांकडे बघत होती. आपा तिच्याकडे बघायचं टाळत होत्या, हे माझ्या लक्षात आलं.

तेव्हापासून रोज सकाळी त्या फाट्यावर. शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यानंतर. हात आडवा करून टिप्पर थांबवायच्या, पोरींना पायउतार करून पलीकडे नेऊन सोडायच्या, आणि त्या कठड्याच्या आत शिरल्या की मगच हात खाली घ्यायच्या. ड्रायव्हर लोक आधी शिव्या द्यायचे. मग ओळखू लागले. त्या निवृत्त झाल्या; निरोपसमारंभात सत्कार झाला, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फाट्यावर. मी म्हटलं, "आपा, आता आम्ही आळीपाळीनं उभ्या राहू." म्हणाल्या, "ऱ्हावा की. पन म्या हाय तवर म्या हाय." राखेनं आणि धुळीनं खोकला लागला होता. छातीत दुखायचं, त्याला त्या पित्त म्हणायच्या. डॉक्टरकडे चला म्हटलं तर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी तो शब्द ऐकला. "बघू."

गेल्या उन्हाळ्यात, परीक्षा संपत आल्या होत्या तेव्हा, त्या घरात झोपेतच गेल्या. सकाळी फाट्यावर आल्या नाहीत म्हणून मुलीच घरी बघायला गेल्या होत्या.

जनाजा उचलला तेव्हा पुढच्या खांद्याला सलीम होता. स्टँडमागे त्याचं पहिल्यासारखं कधीच जमलं नाही, मोठा मुलगा शाळा सोडून गॅरेजात लागला. हे आपांना ठाऊक होतं. आणि त्या त्याबद्दल कधी बोलायच्या नाहीत. कबरस्तानातून परतताना तो माझ्या घरापुढे थांबला. आत आला नाही. "भाभीशी बोलायचं ऱ्हाऊन गेलं, बाई," म्हणाला. "रोज ठरवायचो. आज न्हाई, उद्या." मग हातातल्या टोपीकडे बघत उभा राहिला आणि गेला.

फाट्यावर अजून कठडा नाही. आम्ही शिक्षिका पाळी लावून उभ्या राहतो. आमच्या हातानं टिप्पर लगेच थांबत नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जायच्या आधीच्या आठवड्यात. भावाकडे लग्न होतं, सकाळच्या एसटीनं मी परळीला निघाले होते. फाट्याजवळ गाडी कचकन थांबली. पुढे बघितलं तर रस्त्याच्या मध्ये आपा, हात आडवा. ओढणी खांद्यावर घसरलेली, आणि ती सारखी करायला दुसरा हात मोकळा नव्हता, कारण त्या हातात कोमलच्या सायकलीचं हँडल होतं. दोघी मिळून सायकल ढकलत होत्या. कोमल काहीतरी सांगत होती, घाईघाईनं, मान वळवून, आणि आपा खाली वाकून ऐकत होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही. कठड्यापाशी कोमल सायकलवर बसली आणि निघून गेली. आपा रस्त्यातून बाजूला झाल्या, पण वळल्या नाहीत. छातीवर हात ठेवून, आमच्याकडे पाठ करून, ती पोरगी दिसेनाशी होईपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

गाडी सुटली. हाक मारावी म्हणून मी खिडकीची काच सरकवायला गेले. ती अडकली होती. सरकली तेव्हा फाटा मागे गेला होता आणि समोरून येणाऱ्या टिप्परच्या धुरळ्यात काही दिसत नव्हतं.